संगणकाची साक्ष किती खरी?

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या आमच्या एका शिक्षकमित्रांच्या घरचा संगणक गेल्या उन्हाळ्यात अडून बसला. विंडोजचा अपडेट अर्ध्यावर येई, यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि केलेले बदल मागे घेत असल्याची सूचना पडद्यावर उमटे. तीन दिवस हेच चालले. दुरुस्तीवाल्याने निदान केले, ‘‘व्हायरस घुसला सर, फॉरमॅट मारा लागते.’’ त्या यंत्रात नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि मित्रांच्या दिवंगत वडिलांची छायाचित्रेही. दुसरीकडे प्रत कशाचीच नव्हती. ‘‘काही करू नका, आम्ही येतो,’’ असे सांगून आम्ही अमरावतीहून निघालो.

अपडेट फसला म्हणजे विषाणू आहे, असे खरोखर म्हणता येते का? आणि संशय आलाच, तर तो संगणकालाच विचारून फेडता येतो का? यातला दुसरा प्रश्न अधिक जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात एक ‘जोशी’ आहेत.

१९९० च्या जूनमध्ये भारतात एक विषाणू सापडला. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित केल्यावरच पुढे जाऊ देई. (आडनाव ऐकून मराठी वाचकाने लगेच अभिमान किंवा लाज बाळगू नये, जोशी गुजरातेत आहेत आणि कुमाऊंतही आहेत.) त्याचा हा खोडकरपणा प्रसिद्ध झाला, पण त्याची खरी करामत वेगळीच होती.

त्या काळचा संगणक सुरू होताना तबकडीच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सच्या कप्प्यात लिहिलेल्या सूचना आधी वाचत असे. या कप्प्याला बूट सेक्टर म्हणतात. कार्यप्रणाली त्यानंतर जागी होई. ‘जोशी’ याच कप्प्यात ठाण मांडून बसे, म्हणजे घरमालक उठण्यापूर्वीच किल्ल्या त्याच्या हाती जात. त्याचा उरलेला भाग फ्लॉपीवर एक जादा वर्तुळ आखून तिथे लपे. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूस ४० वर्तुळे असतात, त्यामुळे ४१ वे पाहायला सहसा कोणी जात नसे. आता एखाद्या तपासनीस आज्ञावलीने ‘पहिला कप्पा दाखव’ म्हटले, की ती विनंती मध्येच अडवून हा विषाणू जपून ठेवलेली मूळ, निर्दोष प्रत पुढे करी. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, तरी तो स्मृतीतून जात नसे. चोरालाच पंच नेमल्यावर पंचनामा स्वच्छच येणार!

उपाय साधा होता. वीज पूर्ण बंद करायची आणि खात्रीच्या, दुसऱ्या यंत्रावर तयार केलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर लिहीतच नसे, मग विषाणू कितीही हुशार असो. आम्हाला ही चिकटपट्टी सुरक्षाशास्त्रातील सर्वांत सुंदर उपकरण वाटते. त्याच दशकात पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात विषाणूग्रस्त यंत्रे वारंवार येऊ लागली. धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या, आणि त्यांतून पुढे ‘क्विक हील’ उभे राहिले.

आता पहिला प्रश्न. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या गाभ्यातील १७ वर्षे जुना दोष बुजवणारा एक अपडेट पाठवला. तो बसताच अनेकांचे संगणक निळा पडदा दाखवून कोसळू लागले, विशेषतः एक्सपीवर चालणारे. साहजिकच शिव्या अपडेटला पडल्या, आणि कंपनीने तो आपोआप पाठवणे थांबवले. शोध घेता दिसले, की कोसळणाऱ्या यंत्रांत ‘अल्युरॉन’ नावाचा लपून राहणारा घुसखोर आधीपासूनच होता. हार्ड डिस्कशी बोलणाऱ्या प्रणालीच्या एका भागात तो दडलेला असे. विंडोजच्या गाभ्यातील आवश्यक जागा त्याने ‘चौकापासून तिसरे घर’ अशा मोजून पाठ केल्या होत्या. अपडेटमुळे मध्ये एक नवे घर उभे राहिले. घुसखोर भलत्याच दारात शिरला आणि यंत्र कोसळले. म्हणजे अपडेटने रोग आणला नव्हता, उघड केला होता. गंमत अशी, की काही दिवसांतच अल्युरॉनच्या कर्त्यांनी आपली चूक सुधारून नवी आवृत्ती सोडली. संगणक पुन्हा सुरळीत चालू लागले आणि घुसखोर आत तसाच राहिला!

उलट उदाहरणही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचा एक सदोष अपडेट जगभर गेला. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विषाणू कुठेच नव्हता, पहारेकरीच दारात आडवा झाला होता.

तेव्हा लक्षण एक असले, तरी कारणे अनेक असतात. आमच्या वऱ्हाडात तर विषाणूच्या आधी वीज आणि भरलेली डिस्क यांची चौकशी करावी लागते.

अकोल्यात पोचल्यावर आम्ही तेच जुने केले, फक्त फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह होता. तो अमरावतीला आमच्या यंत्रावर तयार करून नेला होता. मित्रांच्या संगणकातील विंडोजला न उठवता पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले. आधी सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. यालाच दीड तास गेला. मग तपासणी केली, तर संशयास्पद काही आढळले नाही. एका तपासणीवरून ‘विषाणू नाहीच’ असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सरळ कारण समोर दिसत होते. ‘सी’ ड्राइव्हवर जेमतेम दोन गिगाबाइट जागा उरली होती, आणि पहिल्या दिवशी अपडेट चालू असतानाच दिवे गेले होते, हे वहिनींना आठवले.

निरुपयोगी फायली काढून जागा केली. शेजाऱ्यांकडून इन्व्हर्टरची तार ओढून घेतली. रात्री नऊच्या सुमारास अपडेट पूर्ण झाला. वडिलांची छायाचित्रे आता दोन ठिकाणी आहेत.