मागून जोडलेलें इंजिन : केशवराव दाते



पुण्याकडे निघालेली गाडी आमच्या कर्जत स्टेशनांत थांबली, कीं घाट चढविण्यासाठीं तिच्या मागें आणखी इंजिनें जोडतात. उतारूंची नजर पुढें असते. मागून जोर लावणाऱ्याची आठवण कोणास होत नाहीं. नटांचीहि एक जात अशीच आहे. तींत केशवराव दाते (१८८९–१९७१) यांचें नांव मला प्रथम घ्यावेंसें वाटतें.

महाराष्ट्र नाटक मंडळींत त्यांनीं आरंभीं स्त्रीभूमिका केल्या. ही मंडळी गद्य नाटकांची. बालगंधर्वांच्या काळांत गाण्यावांचून प्रेक्षक खिळवून ठेवणें सोपें नव्हतें. शब्द, विराम आणि नजर एवढेंच भांडवल. पुढें बोलपटांत तेंच उपयोगी पडलें. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’नें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक आणलें. त्यांत स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच केलीं. या उद्योगांत दातेहि होते! लुगडें नेसून रंगभूमीवर आलेल्या नटानेंच ती चाल मोडण्यास हातभार लावला.

त्याच वर्षीं ‘प्रभात’ कोल्हापुराहून पुण्यास आली. ‘अमृतमंथन’च्या (१९३४) मराठी आवृत्तींत बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाच्या जिवावर उठणारा राजगुरु दात्यांनीं केला. हिंदींत तें काम चंद्रमोहन यांचें. कीर्ति त्यांच्याच डोळ्यांची अधिक झाली.

पण दात्यांची खरी परीक्षा ‘कुंकू’मध्यें (१९३७) झाली. काकासाहेब हा उतारवयांतला विधुर वकील. त्याच्याशीं फसवून लग्न लावलेली तरुण नीरा संसारास साफ नकार देते. शांता आपटे यांच्या नीरेकडे प्रेक्षकांचें मन जावें, हेंच योग्य. दुसऱ्या एखाद्या नटानें काकासाहेबांस खलपुरुष करून टाळ्या घेतल्या असत्या. दात्यांनीं त्यास स्वतःचा अन्याय हळूहळू कळूं दिला. नीरेस मोकळें करण्यासाठीं तो शेवटीं जीव देतो, तेव्हां त्याचें कृत्य क्षम्य वाटत नाहीं, तरी त्याची कीव येते. समाजसुधारणेवर मुलांकडून मीं वर्षानुवर्षें निबंध लिहवून घेतले. एवढें त्यांपैकीं एकांतहि उतरलें नाहीं.

‘शेजारी’ (१९४१) मध्यें गजानन जागीरदारांच्या मिर्झापुढें दाते जिवबा झाले. धरणाच्या भांडणांत या जिवलग मित्रांची ताटातूट होते. मरणांत ते पुन्हा भेटतात. खालापूरच्या एका स्नेह्याकडे आम्हीं हीं दोन्ही चित्रें एकाच रविवारीं लागोपाठ पाहिलीं. घरांतलीं मुलें दुपारभर काकासाहेबांवर चिडलेलीं होतीं. संध्याकाळीं जिवबासाठीं त्यांनींच डोळे पुसले, आणि हाच तो म्हातारा, हें कांहीं केल्या मान्य करीनात.