इझुमी, अराता
इझुमी, अराता : (३१ जुलै १९८२ – ). जपानमध्ये जन्मलेले भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरील शिमोनोसेकी या बंदराच्या शहरात. आई जपानी, वडील गुजराती. नीलकंठ हे त्यांचे भारतीय नाव. मात्र मैदानावर ते ‘अराता’ म्हणूनच ओळखले गेले.

जपानमधील मित्सुबिशी मोटर्स मिझुशिमा आणि सिंगापूरच्या लीगमधील आल्बिरेक्स निगाता या संघांकडून खेळल्यावर २००६ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आले. पुढे मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळले. ते संघात असताना, २००८ मध्ये, महिंद्राने ड्युरँड चषक जिंकला. २००९ मध्ये ते पुणे एफसीत दाखल झाले आणि त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत भरीव काळ सुरू झाला. अवघ्या दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेला हा संघ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळे. आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये २००९-१० ला तो तिसरा आला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. मधल्या फळीतून चेंडू पुढे नेणारे, गरज पडल्यास आघाडीवर जाऊन गोल करणारे अराता या वाटचालीचा कणा होते. फुटबॉलच्या चर्चेत सहसा मागे राहणाऱ्या पुण्याला त्या काही वर्षांत आपला म्हणावा असा संघ मिळाला, त्याचे मोठे श्रेय अरातांना द्यायला हवे.

तरीही कागदोपत्री ते परदेशी खेळाडूच होते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाच देशाकडून खेळता येईल, असे धोरण केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवले होते. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही आणि परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड इथे उपयोगाचे नव्हते. वडिलांच्या देशाचा गणवेश घालायचा, तर जन्मभूमीचा पासपोर्ट सोडणे भाग होते. अरातांनी तो सोडला. विम कोव्हरमान्स भारतीय संघाचे प्रशिक्षक असताना २०१३ मध्ये त्यांनी भारताकडून पदार्पण केले. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारे पहिले फुटबॉलपटू म्हणून त्यांची नोंद होते.

तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. मधल्या फळीतल्या खेळाडूची उमेदीची वर्षे बहुतेक सरलेली असतात, त्या वयात त्यांना भारताचा निळा गणवेश मिळाला. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामने थोडेच वाट्याला आले. सामन्यांच्या संख्येवरून त्यांचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल. हाच खेळाडू पंचविसाव्या वर्षी भारताला मिळाला असता, तर मधल्या फळीची कितीतरी वर्षांची अडचण हलकी झाली असती.

इंडियन सुपर लीगमध्ये ते २०१५ मध्ये अ‍ॅटलेटिको दे कोलकाता, २०१६ मध्ये एफसी पुणे सिटी आणि २०१७-१८ मध्ये केरला ब्लास्टर्सकडून खेळले. आता लीगमध्ये त्यांची गणना भारतीय खेळाडूंत होत होती. त्यांचा जुना पुणे एफसी मात्र २०१५ मध्येच बंद पडला. महिंद्रा युनायटेड त्याही आधी, २०१० मध्ये, विसर्जित झाला होता. महाराष्ट्रातील ज्या दोन क्लबांनी त्यांना घडवले, ते दोन्ही आज उरलेले नाहीत. निवृत्तीनंतर अराता नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीत प्रशिक्षक झाले.

अरातांच्या वाटेने पुढचा खेळाडू यायला तब्बल बारा वर्षे लागली. बंगळुरू एफसीचे रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेले. त्यांची आई मूळची मुंबईची. त्यांनी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि २०२५ मध्ये त्यांना भारतीय संघाच्या शिबिरात बोलावणे आले.