परदेशगमन : दंडापासून शिदोरीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लेखन द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. लेखक कंधारचा रहिवासी. तेव्हा तो किल्ल्याविषयीच लिहील, असे मंडळास वाटले असावे. परंतु गेल्या कार्यकारिणीच्या सभेत एका अर्जावरून जी चर्चा झाली, ती मनातून जाईना. आपल्या एका सभासदाच्या मुलास आपल्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकांसमवेत पंधरा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी जावयाचे होते व त्याकरिता त्याने शिक्षणनिधीतून साहाय्य मागितले होते. "पंधरा दिवसांत कसले शिक्षण होते? ही तर सहल झाली," असे काहींचे म्हणणे पडले. "तेवढ्या पैशात वसतिगृहातील दोन मुलांचे वर्ष निघेल," असे दुसऱ्यांनी सुचविले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. अर्ज पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात आला. त्या सभेत प्रस्तुत लेखक काही बोलला नाही. जे बोलावयाचे राहिले, ते इतिहासाच्या आधाराने येथे मांडीत आहे.

ज्ञाती आणि परदेशगमन यांचा संबंध जुना आहे आणि तो प्रथम विरोधाचाच होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, अशी समजूत आपल्या बहुतेक ज्ञातींत दृढ होती. १८८८ साली अठरा वर्षांचे मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. ज्ञातीच्या शेठने त्यांना जाण्यास मनाई केली. त्यांनी ती मानली नाही. तेव्हा त्यांना ज्ञातिबहिष्कृत ठरवून असाही हुकूम काढण्यात आला, की जो कोणी ह्या मुलास मदत करील अथवा बंदरावर पोहोचवावयास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड! पुढे १८९१ साली ते परतले, तेव्हा थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. हीच गोदावरी पुढे आपल्या नांदेडावरून वाहते. तिच्या पाण्याने परदेशगमनाचे 'पाप' धुतले गेल्याची ही कथा आपल्याला परकी वाटू नये.

त्याच्याही आधी आनंदीबाई जोशी गेल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी भरसभेत सांगितले, की मी हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या आगबोटीत चढल्या, तेव्हा आपल्या घरचे माणूस सोबतीस नव्हते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाची पदवी घेऊन त्या आल्या आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास क्षयाने गेल्या. बाईचे धैर्य आपण गातो. परंतु थंडी, उपासमार आणि एकटेपणा यांनी त्या देहाचे काय केले असेल, त्याचाही विचार करावयास हवा.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला पोहोचले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसा साठविला. छत्रपती शाहू महाराज आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने हात दिला, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. ह्याच पुरुषाने स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले. एका माणसाच्या परदेशी शिक्षणाचे पाणी मराठवाड्याच्या किती शेतांत पोहोचले, त्याची मोजदाद कोण करणार?

ह्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. जाणारा एकटा गेला, अनेक वर्षांसाठी गेला, आणि ज्ञातीच्या बळावर गेला नाही. कोणास भावाने कर्ज काढून धाडले, कोणास संस्थानिकाने. आपल्या भागाची स्थिती तर ह्याहून बिकट होती. कंधार तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजाम सरकार काही हुशार मुलांना विलायतेस पाठवीत असे. सरोजिनी नायडू १८९५ साली अशाच शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. परंतु राजधानीतील विद्वान घराण्यात जन्मलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आणि मन्याड खोऱ्यातील शेतकऱ्याच्या मुलाची वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. तोपर्यंत पदवीसाठी हैदराबादची वाट धरणे हेच आपल्याकडील मुलास परदेशगमनासारखे होते.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. गुरूने शिष्यांना बरोबर घेऊन, थोड्या काळासाठी परमुलूख दाखवून आणावयाचा, ही ती परंपरा. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड स्टार जॉर्डन हे मत्स्यशास्त्रज्ञ. १८८० नंतरच्या दशकात ते उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन युरोपात पायी हिंडत असत. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड हे आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. तो मुक्काम वर्षाचा होता, परंतु शिक्षक सोबत होता, हे महत्त्वाचे. १९२६ साली तर सुमारे पाचशे विद्यार्थी 'रिंडाम' नावाच्या आगबोटीत बसवून न्यूयॉर्कजवळून जगप्रदक्षिणेस नेण्यात आले. बोटीवरच वर्ग भरत. त्या सफरीत पुष्कळ शिकणे झाले, पण विद्यार्थ्यांच्या मद्यपानाच्या बातम्याही वृत्तपत्रांनी रंगवून छापल्या आणि ह्या प्रयोगाची निंदा झाली. आपल्या सभेत निघालेली "ही सहल की शिक्षण?" ही शंका त्या लोकांनाही शंभर वर्षांपूर्वी पडली होती, असे दिसते. तरीही प्रथा वाढली. आज अमेरिकेतून परदेशी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण काही आठवड्यांपुरतेच जातात, आणि त्यांतील अनेकांबरोबर त्यांच्याच महाविद्यालयाचे प्राध्यापक असतात.

हे सारे परक्यांचे, असे कोणी म्हणेल. तर शेजारच्या वऱ्हाडात पाहावे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा ह्या मंडळाचा चमू तेथे गेला आणि आपल्या मातीतील कबड्डीचे व व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक त्याने जगापुढे केले. राजा नाही, रजवाडा नाही. एका आखाड्याची माणसे मिळून गेली, आपले दाखवून आली, दुसऱ्याचे पाहून आली. हातात द्यावयासारखे काही असले, तर थोडक्या दिवसांचा प्रवासही वाया जात नाही, हा त्यातील धडा.

इतिहास येथवर झाला. आता घरची गोष्ट सांगतो. संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून पुढील म्हणणे पुरे व्हावयाचे नाही. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या कृषिशास्त्र शिकते. तिच्या महाविद्यालयाने दोन वर्षांपूर्वी नेदरलँड्सचा पंधरा दिवसांचा अभ्यासदौरा काढला. खर्च दोन लाखांच्या वर. बंधूंनी सोयाबीनचे आलेले पैसे घातले, उरलेल्यासाठी वहिनींचे दागिने गहाण पडले. मुलगी गेली. परत आली, तेव्हा मी विचारले, "बेटा, काय शिकलीस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, खरे सांगू? निघण्यापूर्वी कोणी काही शिकवले नाही. रोज बसमधून उतरायचे, छायाचित्रे काढायची आणि पुन्हा चढायचे. सोबत आलेले सर खरेदीत असायचे." ऐकून जीव जळला. दागिने अजून सुटावयाचे होते.

परंतु त्याच पोरीने पुढे आणखी एक सांगितले. एके दिवशी दुपारी त्यांना तेथील एका पाणीमंडळाच्या कचेरीत दोन तास नेले होते. त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे. बांध, कालवे आणि पाण्याची पातळी सांभाळण्यासाठी तेराव्या शतकापासून तेथे लोकांची स्वतंत्र मंडळे आहेत. आज ती २१ आहेत. रहिवासी कर भरतात, मतदान करून आपले प्रतिनिधी निवडतात, आणि बांधाची देखरेख हे मंडळच करते. "काका," ती म्हणाली, "त्यांना पाणी जास्त म्हणून ते आठशे वर्षे एकत्र बसतात. आपल्याला पाणी कमी, तरी आपण एकत्र बसत नाही. आणि आपल्या गावातले जगत्तुंग समुद्राचे तळे मी लहानपणापासून पाहते. ते कोणी बांधले, त्याचे पाणी कोण सांभाळत होते, हे मी कधी विचारलेच नाही."

ज्ञातिबांधवहो, राष्ट्रकूटांच्या ह्या तळ्याकाठी मी अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकविला. जगत्तुंग हे राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या गोविंदाचे बिरुद. त्या वंशाच्या राजांना अरब प्रवासी 'बल्हारा' म्हणत, आणि इ. स. ८५१ च्या सुमाराच्या अरबी वृत्तांतात जगातील चार थोर राजांत त्यांची गणना केलेली आहे. हे सारे मी फळ्यावर लिहून दिले. पण तळ्याविषयीचा प्रश्न माझ्या वर्गात कोणा मुलाने विचारला नाही. तो विचारण्यासाठी एका मुलीस सातासमुद्रापार जाऊन दोन तास बसावे लागले. पंधरा दिवसांतील ते दोन तास खरे शिक्षण होते. बाकीचे दिवस सहलीत गेले. दोष दिवसांच्या संख्येचा नसून तयारीच्या अभावाचा होता.

म्हणून माझे म्हणणे असे, की शिक्षणनिधीने अशा दौऱ्यांस सरसकट नकार देऊ नये आणि सरसकट होकारही देऊ नये. तीन अटी घालाव्यात. पहिली, निघण्यापूर्वी निदान दोन महिने त्या देशाचा व विषयाचा अभ्यास प्राध्यापकांनी करून घेतला पाहिजे आणि त्याचा लेखी आराखडा अर्जास जोडला पाहिजे. दुसरी, सोबत जाणाऱ्या प्राध्यापकाने रोज संध्याकाळी मुलांना घेऊन बसावे व प्रत्येकाने रोजनिशी लिहावी. तिसरी, परत आल्यावर त्या विद्यार्थ्याने आपल्या वार्षिक मेळाव्यात उभे राहून, काय पाहिले आणि त्यातले गावी काय उपयोगी पडेल, ते सांगावे. साहाय्याची निम्मी रक्कम अनुदान व निम्मी बिनव्याजी कर्ज असावी, म्हणजे कोणा मातेचे दागिने गहाण पडणार नाहीत. दोन अर्ज सारख्या योग्यतेचे असतील, तर मुलीचा अर्ज आधी घ्यावा. घरची माणसे मुलास कसेही धाडतात, मुलीच्या बाबतीत मात्र "पुढे पाहू" म्हणतात.

वसतिगृहाचे काय, हा प्रश्न उरतोच. वसतिगृहाच्या घासातून दौऱ्यास एक पैसाही काढू नये, ह्या मताचा मी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरास निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे उभी करविली. ज्ञातिसंस्थेचे पहिले कर्तव्य तेच आहे. दौऱ्यांसाठी वेगळा छोटा निधी काढावा. एक निवृत्त शिक्षक म्हणून माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाने त्याचा आरंभ मी करीत आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली जगप्रवासास निघाले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीपार होते. डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत ते गेले, ते आपल्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याची हकिकत सांगावयास आणि नवे ऐकावयास. मुलांना नेणाऱ्या प्राध्यापकाने आधी स्वतः विद्यार्थी व्हावे. मग खरेदीस वेळ उरणार नाही.

आमच्या कंधारात हाजी सय्याह यांचा दर्गा आहे. सय्याह म्हणजे प्रवासी. किल्ला राजाचा, तळे राजाचे, पण दर्ग्याच्या नावात गावाने एका प्रवाशाचा मान राखला आहे. ज्या ज्ञातीने १८८८ साली बंदरावर निरोप द्यावयास जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड केला, तिच्या जागी आज आपण बसलो आहोत. राखून ठेवलेला अर्ज पुढच्या सभेत निघेल, तेव्हा त्या मुलास तीन अटी सांगाव्यात, त्याच्याकडून वचन घ्यावे आणि त्याच्या शिदोरीत आपला सव्वा रुपया घालावा, एवढीच प्रार्थना.