जुन्या रेडिओचा कागदी गळा

१६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि यवतमाळकडच्या घरांना जवळचा आवाज मिळाला. रेडिओत तो उमटे कागदी शंकूतून. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली ही युक्ती. विजेच्या तालावर तारेचे वेटोळे हलते, त्यासंगे कागद हलतो, अन् हवा बोलू लागते.

आपल्याकडच्या उन्हाने तो काळा कागद विटतो. गुरुजी, शाळेतला जुना संच सजवताना रंगाचे जाड पुट चढवू नका. कागद जड झाला की आवाज दबतो. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, पातळ काळ्या रंगाचा एकच हलका हात द्या. कडेची घडी मात्र कोरडीच ठेवा, ती मोकळी हलली पाहिजे. रूप फिके राहिले तरी चालेल, आवाज जपा.