लहान फायरवॉलचे बूट व साठवण माध्यम

कारखान्याचे किंवा कार्यालयाचे आतले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सांध्यावर फायरवॉल म्हणून बसवलेल्या लहान संगणकाची प्रणाली ज्यावरून सुरू होते ते बूट माध्यम, आणि ज्यावर त्याच्या नोंदी साठतात ते साठवण माध्यम. दोन्ही कामे एकाच डिस्कवर चालतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा. बूटसाठी माध्यम फक्त वाचावे लागते, तेही क्वचित, कारण फायरवॉल एकदा सुरू झाली की महिनोन्‌महिने बंद होत नाही. नोंदींसाठी मात्र अहोरात्र लिहावे लागते. निवडीतले बहुतेक घोळ हा फरक नजरेआड केल्याने होतात.

पॅकेटची तपासणी रॅममध्ये होते. डिस्कचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून महागडी एनव्हीएमई एसएसडी बसवली तरी इंटरनेटचा वेग तसूभर वाढत नाही. यंत्र काही सेकंद आधी सुरू होते, आणि बंद पेटीत उष्णता तेवढी वाढते.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी लहान युनिटे पुष्कळ आहेत. अशा एखाद्या युनिटात वीस-पंचवीस संगणक, टॅलीचा एक सर्व्हर, सीएनसी यंत्रांना प्रोग्रॅम देणारा जुना पीसी आणि चार-सहा कॅमेरे आहेत असे धरू. पीएफसेन्स, ओपीएनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी या प्रणाली जुन्या पीसीवर अथवा पंखा नसलेल्या लहान पेटीवर विनामूल्य चालतात. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती प्रोसेसरची आणि लॅन पोर्ट किती याची. डिस्क दुकानदार देईल ती. पुढे त्या डिस्कला तीन गोष्टी सोसाव्या लागतात : अचानक जाणारी लाइट, पत्र्याच्या शेडखालचा एप्रिल-मे, आणि शॉप फ्लोअरवरची धातूची बारीक धूळ. एसएसडीला फिरता भाग नसल्याने धुळीचे फारसे वावडे नाही. पहिल्या दोन गोष्टींचे आहे.

या विषयाची वाट कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डापासून सुरू होते. सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेले हे कार्ड मुळात कॅमेऱ्यांत रुळले, पण विद्युतजोडणीच्या दृष्टीने ते हार्ड डिस्कच्या जुन्या एटीए पद्धतीशी जुळत असल्यामुळे साध्या अ‍ॅडॉप्टरने संगणकाला डिस्क म्हणून लावता येई. मानुएल कास्पर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली मोनोवॉल ही फायरवॉल प्रणाली अवघ्या काही एमबीत मावत असे. कार्डावरून ती रॅममध्ये चढे आणि तिथूनच चाले. सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलीत. कार्डावर लिहिणे म्हणजे फक्त ती फाइल जतन करणे, म्हणून कार्ड वर्षानुवर्षे टिके. २००४ मध्ये तिच्यातून पीएफसेन्सची शाखा फुटली. सोएक्रिस आणि पीसी इंजिन्स या कंपन्यांच्या लहान बोर्डांवर कार्डाची खाच असेच. त्यासाठी पीएफसेन्सने नॅनोबीएसडी ही रचना वापरली. तीत कार्डाचे दोन भाग करून प्रणाली केवळ वाचण्यापुरती जोडली जाई. नवी आवृत्ती दुसऱ्या भागावर उतरे आणि ती बिघडली तर पहिला भाग शाबूत असे. २०१७ मधल्या २.४ आवृत्तीपासून पीएफसेन्सने ही सोय काढून टाकली. त्याच आवृत्तीपासून झेडएफएस ही फाइलरचना इन्स्टॉलरमध्ये आली. मोनोवॉल २०१५ मध्ये थांबली आणि कास्पर यांनी आपल्या वापरकर्त्यांना त्याच वर्षी निघालेल्या ओपीएनसेन्सकडे वळायला सुचवले. न लिहिणारी फायरवॉल हा विचार मागे पडला तो इथे. माझ्या मते तो वेडगळ नव्हता; फक्त नोंदींची गरज वाढत गेली.

फ्लॅश माध्यम का झिजते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची निवड आंधळी ठरते. नँड फ्लॅशमध्ये लिहिणे पानापानाने होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या मोठ्या ठोकळ्याचेच होते. दोनशे बाइटची एक ओळ बदलायची तरी नियंत्रक चिपला बरीच जास्त जागा नव्याने लिहावी लागते. प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसता येते : एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी एसएलसी सुमारे एक लाख वेळा, दोन बिटांची एमएलसी काही हजार वेळा, आजची सर्वसाधारण टीएलसी ढोबळमानाने एक ते तीन हजार वेळा, आणि चार बिटांची क्यूएलसी त्याहून कमी. चांगला नियंत्रक झीज सगळ्या ठोकळ्यांवर सारखी वाटतो. स्वस्त पेन ड्राइव्हमधला नियंत्रक हे काम जेमतेम करतो. शेतातल्या एकाच सरीतून रोज बैल नेला तर ती सरी आधी खचते, तसे त्याचे होते.

पेन ड्राइव्हचे खरे काम प्रणाली बसवण्यापुरते. कायमचे बूट माध्यम म्हणून तो लावला, तर कधी यूएसबी उपकरण उशिरा ओळखले जाते आणि प्रणाली डिस्क सापडत नाही म्हणून मध्येच अडून बसते. समोर मॉनिटर नसल्याने नेमके काय झाले ते कुणाला दिसतही नाही. एसडी कार्डाची गत फारशी वेगळी नाही. ओपनडब्ल्यूआरटी याला अपवाद : तिची मूळ प्रणाली दाबून बसवलेल्या, न बदलणाऱ्या स्क्वॉशएफएस भागात असते आणि बदल वरच्या पातळ थरात साठतात, त्यामुळे ती कमी लिहिते आणि बिघडली तर मूळ स्थितीत परत नेता येते. ईएमएमसी ही बोर्डावर डाख लावून बसवलेली चिप. जागा वाचते, पण संपली की बोर्डच बदलायची वेळ येते. ज्या पेटीत ईएमएमसीखेरीज एमसॅटा किंवा एम.२ खाच नाही, ती नोंदी ठेवणाऱ्या फायरवॉलसाठी घेऊ नये.

राहिली सॅटा एसएसडी, आणि बहुतेक लहान युनिटांसाठी उत्तर तेच. १२० जीबीच्या साध्या एसएसडीवर उत्पादक ४० टीबीच्या आसपास लेखनाची हमी देतात. एम.२ खाच असेल तर ती सॅटाची की एनव्हीएमईची हे आधी पाहावे. कार्ड खाचेत बसले म्हणजे चालेलच असे नाही.

लाइट हा वेगळा मुद्दा आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी यूपीएसची सवय लावून घेतली, पण ती टॅलीच्या सर्व्हरला. भिंतीवरची फायरवॉल आणि मोडेम बरेचदा थेट विजेच्या बोर्डाला. लिहिणे चालू असताना लाइट गेली की यूएफएस ही जुनी फाइलरचना अर्धवट राहू शकते. पुढच्या वेळी ती तपासणी मागते आणि कधी कळफलकावरून उत्तराची वाट पाहत थांबते. झेडएफएस जुन्या मजकुरावर लिहीत नाही; नवा मजकूर दुसरीकडे पुरता उतरल्यावरच खूण हलवते, म्हणून ती अशा धक्क्यातून सहसा सावरते. दोन एसएसडींची जोडी केली तर एकीवरचा बिघडलेला मजकूर दुसरीवरून दुरुस्त होतो. एकटीवर बिघाड फक्त कळतो. किंमत अशी की झेडएफएस साधारण दर पाच सेकंदांनी जमलेला बदल डिस्कवर उतरवते. काही एसएसडींत लाइट गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करण्यापुरता कपॅसिटर असतो. तशी मिळाली तर उत्तम, नाहीतर फायरवॉलला छोटा यूपीएस लावणे त्याहून स्वस्त पडते.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, हा आता केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपायच्या, ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवायच्या, आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. आता हिशेब मांडू. फायरवॉल सेकंदाला पाच ओळी लिहिते आणि एक ओळ २०० बाइटची आहे असे धरले, तर दिवसाला ८६.४ एमबी आणि १८० दिवसांना साडेपंधरा जीबी होतात. ४ जीबीच्या कार्डावर हे मावत नाही, १२० जीबीच्या एसएसडीवर सहज मावते. झीज दसपट धरली तरी दिवसाला एक जीबीहून कमी. ४० टीबीची हमी संपायला शंभर वर्षे लागतील. म्हणजे साध्या नोंदी एसएसडीला मारत नाहीत. मारतात ती हौसेने चढवलेली पॅकेजे : घुसखोरी हुडकणाऱ्या सुरिकाटाचा सविस्तर लॉग, वाहतूक मोजणाऱ्या एनटॉपएनजीचा डेटाबेस, वेबपाने साठवणाऱ्या स्क्विडचा कॅश. ब्रॉडबँड मंद होते तेव्हा स्क्विडच्या कॅशला अर्थ होता. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्याने तो मजकूर साठवताच येत नाही, तरी जुन्या सवयीने तो चालू ठेवलेला आढळतो.

झीज टाळण्यासाठी तात्पुरत्या फाइली व नोंदी रॅममध्ये ठेवण्याची सोय पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स दोन्हींत आहे. पण मग लाइट गेली की नोंदीही जाऊ शकतात, म्हणजे फ्लॅश वाचते आणि पुरावा जातो. तोडगा असा की फायरवॉलने आपल्या नोंदी सिसलॉग पद्धतीने आतल्या दुसऱ्या यंत्राकडे पाठवत राहायचे. या कामाला जुना पीसी आणि फिरती हार्ड डिस्क पुरते. फायरवॉलसाठी हार्ड डिस्क जुनाट वाटली तरी सलग लिहिण्याच्या या कामात ती अजून टिकाऊ आणि स्वस्त आहे. शिवाय फायरवॉल कुणी फोडली तरी नोंदी त्याच्या हाताबाहेर राहतात.

माध्यमाची उरलेली उमेद डिस्क स्वतःच पुरवते त्या स्मार्ट आकड्यांतून कळते. ईएमएमसीत तो अंदाज दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी मिळतो. ते आकडे महिन्यातून एकदा पाहावेत. डिस्क अखेर बदलण्याचीच वस्तू आहे. न बदलण्याजोगी आहे ती मांडणीची एक्सएमएल फाइल, जी काही केबींची असते आणि तरी अनेकदा फक्त फायरवॉलच्या पोटातच असते. ती बाहेर असेल तर नवी एसएसडी लावून, पेन ड्राइव्हवरून प्रणाली बसवून फाइल परत चढवायला अर्धा-पाऊण तास लागतो. नसेल तर प्रत्येक नियम आठवून पुन्हा लिहावा लागतो, आणि तो लिहिणारा माणूस तोवर नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

सुटी एसएसडी कपाटात ठेवताना एक बारकावा आहे. जेडेक या चिपांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वर्गाच्या एसएसडीने, तिची लेखनक्षमता पूर्ण वापरून झाल्यावर, विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकवायला हवा. तापमान वाढले की ही मुदत झपाट्याने घटते, आणि पत्र्याखालचे कपाट उन्हाळ्यात ३० अंशांच्या बरेच वर जाते. कोरी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते. घासून झालेली जुनी डिस्क राखीव म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. सुट्या डिस्कवर खरेदीची तारीख आणि बसवलेली आवृत्ती लिहून चिठ्ठी डकवावी, जशी स्टोअरकीपर बेअरिंगच्या खोक्यावर डकवतो.