चांगुलपणा आधी की हुकूम आधी?

वर्गात एका मुलाने विचारले, "सर, अल्लाहला न मानणारा माणूस चांगला असू शकतो का?"

हा वाद बसऱ्यात हजार वर्षांपूर्वीच गाजला होता. मुअतझिली म्हणत, न्याय-अन्याय अक्कलेला कळतो; खोटे वाईट, म्हणूनच अल्लाहने ते हराम ठरवले. त्यांच्यातूनच बाहेर पडलेले इमाम अशअरी म्हणाले, त्याने हराम ठरवले म्हणून ते वाईट. समरकंदच्या इमाम मातुरिदींच्या मते अक्कलेला बरेच कळते, तरी ईशवाणीची गरज उरतेच.

पण अक्कलवाद्यांना जवळ करणाऱ्या खलिफा मामूननेच ८३३ मध्ये मतांसाठी उलेमांची झडती सुरू केली. पुढे मुअतसिमच्या काळात इमाम अहमद बिन हंबल यांनी चाबकाचे फटके खाल्ले. न्याय कळणे वेगळे, करणे वेगळे.

मी म्हणालो, "असू शकतो, बेटा. आपल्याला मात्र हिशेब द्यायचा आहे."