अभयगिरीतला पांढरा रेशमी पंखा

इ. स. ४१० च्या सुमारास सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, अनुराधपूर येथे एक चिनी भिक्षू बुद्धमूर्तीसमोर उभा असताना त्याचे डोळे अकस्मात भरून आले. निमित्त मूर्ती नव्हती. तिच्यापुढे ठेवलेली एक अगदी साधी वस्तू होती. #थ्रेड

भिक्षूचे नाव फाहियान. इ. स. ३९९ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्याने चांगआन सोडले, तेव्हा तो साठीच्या घरात असावा. शोध होता विनयपिटकाचा, भिक्षुसंघाच्या नियमांचा. चीनमध्ये उपलब्ध असलेल्या प्रती अपुऱ्या होत्या.

उत्तर भारतात हे नियम गुरुमुखातून शिष्याकडे जात. उतरून घ्यायला पोथीच मिळेना. ती अखेर पाटलिपुत्रात मिळाली. तेथे तीन वर्षे राहून तो संस्कृत शिकला आणि ग्रंथ स्वहस्ते लिहून घेतले. (दख्खनेत मात्र त्याला जाता आले नाही. वाटा धोक्याच्या होत्या. तिकडचे वर्णन ऐकीव आहे, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. ही सचोटी सर्वच प्रवाशांत आढळत नाही.)

दरम्यान सोबती गळत गेले. हुईजिंग बर्फाच्छादित पर्वतांत, फाहियानच्या डोळ्यांदेखत मरण पावला. दाओझेंग पाटलिपुत्रापर्यंत पोहोचला. पण तेथील संघाची शिस्त पाहून त्याने भारतातच राहायचे ठरवले. पुढे फाहियान एकटाच ताम्रलिप्तीस गेला आणि दोन वर्षांनी व्यापारी जहाजाने चौदा दिवसांत सिंहलास पोहोचला.

अनुराधपुरातल्या मोठ्या विहारांपैकी दोन येथे महत्त्वाचे. महाविहार जुना, थेरवादी परंपरेचा कडवा राखणदार. अभयगिरी हा राजा वट्टगामणी अभय याने इ. स. पूर्व पहिल्या शतकात स्थापलेला, महायानासह बाहेरच्या विचारांना दारे उघडी ठेवणारा. दोघांचे वैर शतकानुशतके चालले. फाहियान अभयगिरीत ५,००० आणि महाविहारात ३,००० भिक्षू सांगतो. आकडे ठोकळ आहेत. पण परक्याच्या नजरेला त्या काळी कोणता विहार वरचढ दिसला, हे त्यांतून कळते.

अभयगिरीच्या बुद्धमंदिरात हिरव्या जेड पाषाणाची मूर्ती होती. उंची दोन झांग, म्हणजे वीस चिनी फूट. उजव्या तळहातावर अमोल मोती. याच मूर्तीपाशी एका व्यापाऱ्याने चीनमधला पांढरा रेशमी पंखा अर्पण केलेला त्याने पाहिला. इतकी वर्षे भेटलेली माणसे परकी, डोंगर-नद्या परक्या, झाडेझुडपेही अनोळखी. सोबती कुणी मागे राहिले, कुणी गेले. हे सारे त्याने त्या एका प्रसंगाच्या संदर्भात लिहिले आहे. अन्यत्र तो बहुतेक वेळा अंतरे आणि स्तूप मोजत कोरडेपणाने पुढे जातो.

या पंख्यावरून चिनी व्यापारी अनुराधपुरात वावरत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. व्यापारी कोणत्या देशाचा, हे फाहियान सांगत नाही. चिनी रेशीम सिंहलापर्यंत पोहोचत होते, एवढेच निश्चित म्हणता येते.

रडून तो लगेच परतला मात्र नाही. दोन वर्षे राहून त्याने महीशासक पंथाच्या विनयाची प्रत मिळवली आणि मगच सुमारे २०० माणसांच्या जहाजात चढला. वादळात जहाजाला भोक पडले. व्यापारी माल समुद्रात टाकू लागले. फाहियानने आपला पाण्याचा तांब्या आणि घंगाळ फेकून दिले. पोथ्यांनाही कुणी हात घालील, ही त्याची खरी भीती होती.

पोथ्या वाचल्या. वाटेत पाच महिने थांबून, दुसऱ्या जहाजाने, दुसऱ्या वादळातून, इ. स. ४१२ मध्ये तो शांतुंगच्या किनाऱ्याला लागला. हा कोणता देश, हे जहाजावर कुणालाच ठाऊक नव्हते. किनाऱ्यावर उगवलेली ओळखीची पालेभाजी दिसली, तेव्हा समजले की चीन आला.